नऊच्या ठोक्याला घेतलेली गोळी

वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपतं करून:

“दहा महिन्यांपूर्वी मी माझ्या धाकट्या भावाला किडनी दिली. ऑपरेशन छान झालं. सख्ख्या भावंडांतसुद्धा इतकं चांगलं मॅच क्वचित मिळतं, असं डॉक्टर म्हणाले होते. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) १.१ वर स्थिर होतं. दीड महिन्यापूर्वी टॅक्रोची (टॅक्रोलिमस, शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) रक्तातली लेव्हल अचानक १५ आली, म्हणून डोस कमी केला. आणि आता क्रिएटिनिन १.५. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘गोळ्या चुकतायत का?’ तेव्हापासून घरात धुसफूस चालू आहे. तो शपथेवर सांगतो की एकही गोळी चुकली नाही. म्हणतो, ‘ताई, अगं लेव्हल तपासायला रक्त द्यायच्या रांगेत उभा होतो तिथेसुद्धा नऊच्या ठोक्याला गोळी घेतली मी!’ पण दुसरीकडे म्हणतो, ‘१.५ म्हणजे काही फार नाही, रिपोर्टवर १.३ पर्यंत नॉर्मल लिहिलंय.’ वर हेही, की ‘मॅच चांगलं आहे, गोळ्या कमी होतच चालल्यात, वर्षभरात सुटतील.’ हा माणूस ऑडिटर आहे हो! लोकांच्या हिशोबातल्या चुका काढतो. त्याला एवढं कळत नाही? तो खोटं बोलतोय का? की माझी किडनी त्यानं गृहीतच धरली आहे? त्याला कसं समजावू?”

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी दोन ओळी कळवल्या होत्या. लेव्हल १५ आली त्या दिवशी रक्त देण्याआधी गोळी घेतली होती, एवढं एक वाक्य प्रत्यारोपणाच्या टीमला ताबडतोब सांगा. आणि डोसला घरी कुणी हात लावू नका. ते सांगून झालं असेल असं धरते आणि आता सविस्तर लिहिते.

तुमचा भाऊ खोटं बोलत नाहीये. तो अगदी खरं बोलतोय, आणि सगळी गोम त्या खऱ्या बोलण्यातच आहे. ‘नऊच्या ठोक्याला गोळी घेतली’ हे वाक्य तुम्ही त्याच्या बचावाचं म्हणून लिहून टाकलंत आणि पुढे गेलात. मी मात्र तिथंच थबकले. प्रत्यारोपणाच्या विभागात कोऑर्डिनेटर म्हणून आयुष्याची बरीच वर्षं काढल्यावर काही वाक्यं कानाला खटकतातच.

टॅक्रोलिमस हे औषध फार चिंचोळ्या वाटेवरून चालतं. कमी पडलं तर शरीर किडनी नाकारायला लागतं, जास्त झालं तर तेच औषध किडनीला इजा करतं. म्हणून तर वरचेवर लेव्हल बघायची. पण ही लेव्हल म्हणजे दिवसातला कुठलाही आकडा नव्हे. रात्री नऊला गोळी घेतली, सकाळचे नऊ वाजत आले, बारा तासांत औषध उतरत उतरत सगळ्यात खाली आलं, त्या क्षणी रक्तात किती उरलंय ते मोजायचं असतं. म्हणजे सकाळची गोळी घेण्याच्या जरा आधी. गोळी पोटात गेली की तासा-तीन तासांत औषध रक्तात शिगेला पोहोचतं. टाकीत रात्रीचं पाणी किती उरलं ते बघायचं असेल तर मोटार लावण्याआधी बघायला हवं ना? तुमच्या भावानं मोटार लावली, आणि मग लॅबनं टाकी मोजली.

आता पुढची साखळी बघा. १५ हा आकडा डॉक्टरांच्या पुढ्यात आला. त्यांनी तो तळाचा आकडा म्हणूनच वाचला, कारण तसाच वाचायचा असतो. नवव्या महिन्यात तळाला १५ म्हणजे बऱ्यापैकी जास्त, म्हणून त्यांनी डोस कमी केला. त्यांचं काही चुकलं नाही. लॅबचंही नाही. भावानं तर वेळ पाळली. पण तळाचा खरा आकडा त्या दिवशी ७ किंवा ८ असला, तर डोस उतरवल्यावर तो कुठं गेला असेल? शरीराला किडनी नाकारायला नेमकी तेवढीच फट पुरते.

हे असंच झालंय, असं मी इथं बसून सांगू शकत नाही. क्रिएटिनिन वाढायला इतरही कारणं असतात: जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी होणं, लघवीचं इन्फेक्शन, मूत्रवाहिनीत अडथळा, बीके नावाचा विषाणू. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, डोकेदुखी!) टॅक्रोची लेव्हल खरोखरच जास्त असली तरीही क्रिएटिनिन वाढतं. म्हणजे १.५ हा एकच आकडा, पण त्यामागं दोन उलटी कारणं असू शकतात आणि दोन्हीचे उपायही उलटे. एकात डोस वाढवायचा, दुसऱ्यात कमी करायचा. कुठल्या बाजूला जायचं हे ठरवताना डॉक्टरांना ती १५ खरी होती की फसवी, हे कळायलाच हवं. त्यांनी बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) सुचवली तर घाबरून टाळू नका. किडनीच्या आत काय चाललंय ते तिच्याकडूनच खात्रीनं कळतं.

पण ही माहिती इतके दिवस कुणालाच कशी कळली नाही? कारण प्रश्न विचारला गेला तो, “गोळ्या चुकतायत का?” त्याचं खरं उत्तर “नाही” हेच होतं. “शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता दिलं?” असं कुणी विचारलं असतं, तर दीड महिन्यापूर्वीच उलगडा झाला असता.

तुमचा मुख्य राग आहे तो ‘एवढा शिकलेला माणूस, आणि’ या ठिकाणी. त्याबद्दल जरा ऐकून घ्या. आरोग्याची साक्षरता ही वेगळीच चीज आहे, ती शाळा-कॉलेजच्या पदवीबरोबर आपोआप मिळत नाही. २००९ साली अमेरिकेत किडनी बसवलेल्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेकांना साधा आरोग्यविषयक मजकूर व्यवस्थित वाचता येत होता. पण प्रत्यारोपणाच्या रोजच्या वापरातले शब्द पुढं ठेवले तेव्हा बहुतेकजण एका तरी शब्दावर अडले. ज्या शब्दांवर जास्त लोक अडले त्यांत एक होता ‘ट्रफ लेव्हल’. म्हणजे तुमच्या भावाची तळाची लेव्हलच! तेव्हा तो एकटा नाही, त्याच्यासोबत मोठी पंगत बसलेली आहे.

त्याहून जुना, २००६ सालचा दुसरा एक अभ्यास मला कायम आठवतो. औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं, “दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा”. वाचनात कच्च्या असलेल्या लोकांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी ते वाचून बरोबर सांगितलं. मग त्यांना म्हटलं, दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवा. बरोबर मोजून दाखवणारे निघाले जेमतेम ३५ टक्के. वाचलं, तोंडानं घडाघडा सांगितलंही, आणि हातात गोळ्या भलत्याच. हे वाचल्यापासून ‘समजलं ना?’ या प्रश्नावरचा माझा विश्वास उडाला.

विश्वास उडायला माझा स्वतःचाही एक प्रताप कारणीभूत आहे. एका पेशंटच्या वहीत मी टॅक्रोपुढं लिहिलं होतं: २-०-२. तेव्हा त्याच्याकडे एक मिलिग्रॅमच्या कॅप्सूल होत्या. सकाळी दोन, रात्री दोन, हिशोब सरळ. पुढच्या खेपेला त्याला अर्ध्या मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळाल्या. वही उघडून त्यानं इमानेइतबारे सकाळी दोन, रात्री दोन घेतल्या. डोस निम्म्यावर आला आणि त्याचा त्याला पत्ताच नाही. फॉलोअपला मी विचारलं, “सगळं चार्टप्रमाणे चाललंय ना?” “हो मॅडम, अगदी चार्टप्रमाणे.” चालू होतंच चार्टप्रमाणे! चूक माझ्या चार्टची होती. नशिबानं लवकर लक्षात आलं आणि किडनी वाचली. त्या दिवसापासून मी गोळ्यांची संख्या लिहायचं सोडलं. मिलिग्रॅम लिहायचे, आणि कॅप्सूल हातात घेऊन तिच्या पाकिटावरचा आकडा पेशंटलाच वाचायला लावायचा. तुमच्या भावाचा डोस बदलला तेव्हा पाकिटं बदलली का, हेही एकदा बघून घ्या. टॅक्रोचा एक प्रकार दिवसातून दोनदा घ्यायचा असतो, दुसरा हळूहळू विरघळणारा, दिवसातून एकदाच. नाव जवळजवळ सारखं, वागणं वेगळं. दुकानात कुणी “सेमच आहे” म्हणून दुसरा ब्रँड पुढं केला, तर आधी टीमला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

आता त्याच्या त्या १.३ कडे येऊ. ऑडिटरला मर्यादेची सवय असते: मर्यादेच्या आत असलं तर ठीक, थोडं बाहेर गेलं तर शेरा मारून पुढं. लॅबच्या रिपोर्टवरची मर्यादा मात्र त्याच्यासाठी छापलेली नाही, ती दोन्ही किडन्या शाबूत असलेल्या सर्वसाधारण माणसांची आहे. त्याची तुलना व्हायला हवी त्याच्या स्वतःच्या स्थिर आकड्याशी, म्हणजे १.१ शी. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून येणारा कचरा, किडनी तो बाहेर टाकते. कचरा साठायला लागला याचा अर्थ उपसणारी कमी पडतेय. आणि हा आकडा सरळ चढत नाही, त्यात एक लबाडी आहे. क्रिएटिनिन दुप्पट झालं की किडनीचं काम ढोबळमानानं निम्म्यावर आलेलं असतं. मग ५.१ चं ५.५ होणं आणि १.१ चं १.५ होणं, दोन्हीत फरक ०.४ चाच दिसतो, पण दुसऱ्यात किडनीनं गमावलेलं काम कितीतरी जास्त असतं. १.१ वरून १.५ म्हणजे ३६ टक्के वाढ. टक्केवारीत सांगा त्याला! ऑडिटर आहे, खाडकन जागा होईल.

“मला तर काही त्रास नाही” हेही तो म्हणत असेल. म्हणणारच. शरीर किडनी नाकारू लागतं तेव्हा सुरुवातीला बहुतेकदा काहीच जाणवत नाही. ताप, पोटाच्या खालच्या बाजूला किडनी बसवली आहे तिथं दुखणं, लघवी कमी होणं, पायांवर सूज, एकदम वाढलेलं वजन किंवा बीपी, ही लक्षणं दिसली तर तासाचाही वेळ न घालवता फोन करायचा. पण ती दिसेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून तर रक्ततपासणी असते.

राहिली ‘वर्षभरात गोळ्या सुटतील’ ही समजूत. ही मला सगळ्यात जास्त धोक्याची वाटते, आणि सगळ्यात जास्त समजूनही घेता येते. बघा ना, पहिल्या वर्षात प्रत्येक फॉलोअपला काही ना काही कमी होत जातं. स्टिरॉइड उतरतं, इन्फेक्शन टाळायच्या गोळ्या बंद होतात, टॅक्रोही थोडं खाली येतं. आलेख खालीच चाललाय म्हटल्यावर हिशोबी माणूस पुढं शून्य गृहीत धरणारच. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की हा उतार एका पायरीवर येऊन थांबतो आणि मग किडनी चालते आहे तोवर तिथंच राहतो.

त्यातून ‘मॅच छान आहे’ या कौतुकाचा अर्थ त्यानं भलताच लावलेला दिसतो. त्याला हेरिक भावांची गोष्ट सांगा. माणसातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ ला झालं. रोनाल्ड हेरिकनं आपली किडनी रिचर्डला दिली. जोसेफ मरे यांनी ते ऑपरेशन केलं, पुढे १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या काळी शरीराचा नकार आवरणारं धड औषधच नव्हतं, तरी ती किडनी टिकली. कारण दोघं एकसारखे जुळे होते! रिचर्डच्या शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. जुळे नसलेल्यांसाठी त्यानंतरही औषधांची वाट बघावी लागली, आणि टॅक्रोलिमस सापडायला तर १९८४ उजाडलं. जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. तुम्ही दोघं सख्खी भावंडं आहात, एकसारखी जुळी नाही. मॅच कितीही चांगलं असलं तरी तुमची किडनी त्याच्या शरीराला पाहुणीच आहे, आणि त्याच्या पांढऱ्या पेशी तिला रोज नव्यानं ‘तू कोण?’ असं विचारतात. गोळ्या त्यांचं तोंड बंद ठेवतात. याच कारणासाठी कुणी प्रेमानं ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ टॉनिक आणून दिलं तर ते नम्रपणे परत करायचं. आपण पैसे खर्चून जी शक्ती दाबतो आहोत, तिलाच खुराक कशाला?

आता ‘कसं समजावू?’ माझं प्रामाणिक मत: तुम्ही समजावूच नका. निदान आधी नको. त्याला समजावून सांगायला लावा. एखाद्या निवांत वेळी वही-पेन घेऊन बसा आणि म्हणा, “मला तुझ्या औषधांचं नीट कळलेलं नाही. उद्या तू ऑफिसात असताना मला कुणाला सांगायची वेळ आली तर? मला शिकव.” मग फक्त ऐकायचं. कुठली गोळी कशासाठी, किती मिलिग्रॅम, लेव्हलच्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय करतो. गोळी घ्यायची राहिली आणि दोन तासांनी आठवलं तर काय करणार? तो “दोन एकदम घेईन” म्हणाला, तर किंचाळायचं नाही. दुप्पट डोस कधीच घ्यायचा नसतो, किती उशिरापर्यंत राहिलेली गोळी घ्यायची हे टीमला विचारून तिथंच लिहून ठेवायचं. डोकं दुखलं तर कुठली गोळी घेतो? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही त्याच्यासाठी बाद. दुसऱ्या डॉक्टरनं अँटिबायोटिक किंवा बुरशीचं औषध लिहून दिलं तर कुणाला फोन करतो? क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनी लेव्हल वर जाते, रिफॅम्पिसिननं धाडकन खाली येते. ग्रेपफ्रूटचा रसही लेव्हल चढवतो, हे तर कित्येकांच्या गावीही नसतं. जिथं तो अडखळेल तेवढंच टिपून घ्या. ती यादी त्याचं अज्ञान मोजायला नाही, पुढच्या ओपीडीत विचारायचे प्रश्न म्हणून. लेव्हलच्या दिवसाचा नियम मात्र आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा: गोळी खिशात, आधी रक्त, मग गोळी, आणि दोन्हीच्या वेळा रिपोर्टवर.

ओपीडीतही हीच युक्ती उलटी वापरता येते. डॉक्टरांनी सांगून झालं की त्यानं म्हणावं, “मला जे समजलं ते एकदा बोलून दाखवतो, चुकलं तर सांगा.” अर्धं मिनिट लागतं. मी कामावर असताना हे म्हणणारा पेशंट विरळाच, आणि जे म्हणायचे त्यांची मला मनातून धास्ती असायची, कारण माझ्या सांगण्यातली भोकं तिथं दिसायची.

एक नाजूक गोष्ट. ‘माझी किडनी त्यानं गृहीत धरली आहे का’ हे तुम्ही त्याच्यासमोर बोलला असाल किंवा नसाल, त्याला ते ऐकू येतंच. घेणाऱ्याच्या डोक्यावर देणाऱ्याचं ओझं असतं, बहिणीचं तर जास्तच. आज त्याची एकही गोळी चुकलेली नाही असं तो म्हणतो आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण उद्या खरंच एखादी चुकली, तर ती तो तुम्हाला सांगेल का? हिशोब मागणाऱ्या माणसाला कुणी आपल्या चुका दाखवत नाही, हे तुमच्या ऑडिटर भावाला चांगलंच माहीत असणार. म्हणून “चुकली का?” असं विचारूच नका. “या पंधरा दिवसांत कुठली गोळी घ्यायला जड गेली?” असं विचारा. त्याला खरं बोलायला जागा राहते. आणि त्या नऊच्या गोळीबद्दल त्याच्यावर आवाज चढवला असेल, तर एकदा “तू वेळ पाळलीस ते बरोबरच होतं, त्या दिवसाचा नियम आपल्याला कुणालाच माहीत नव्हता” एवढं म्हणून टाका.

नवीन लेव्हल किती आली आणि टीम काय म्हणाली ते मला जरूर कळवा. आणि हो, तुमच्या दोन पानी पत्रात भावाचे आकडे दशांशासकट आहेत, पण तुमचा एकही नाही. किडनी दिलेल्या माणसानं वर्षातून एकदा तरी स्वतःचं क्रिएटिनिन, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं असतं. दहा महिने होऊन गेलेत. तुमची तारीख कधीची आहे?